टाके सुकले, दुखणे राहिले



बिडकीनच्या वस्तीत विहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही बीपी आणि शुगरवर बोलायला बसलो होतो. तासभर सगळे सतरंजीवर बसून ऐकत होते. एक भाऊ मात्र पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभा होता. आम्हाला वाटले, त्याला जायची घाई असेल. पण कार्यक्रम संपला, बायका-मुले घरी गेली, सतरंज्या गोळा झाल्या, तरी तो तिथेच उभा.

आम्ही विचारले, "भाऊ, बसला का नाहीस?"

आजूबाजूला कोणी नाही असे बघून तो हळूच म्हणाला, "बसलं की जांघेत करंट मारतो."

वय अडतीस. सेंट्रिंगचे काम. दीड वर्षापूर्वी उजव्या जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन झाले, जाळी बसवली. आठ-दहा दिवसांत टाके सुकले, गाठ गेली. पण जखमेच्या खाली जी आग सुरू झाली, ती थांबली नाही. पँटचा पट्टा लागला तरी झोंबते. मोटारसायकलवर खड्डा आला की डोळ्यांत पाणी येते. परत दाखवायला गेला तेव्हा जखम बघून सांगितले गेले, "ऑपरेशन एकदम ओके आहे, डोक्यातून काढून टाक." मुकादम म्हणतो, काम चुकवतो. घरातही कोणीतरी म्हणाले, आता सवय लागली बसून खायची.

तेवढ्यात दारात चपला घालणारे एक काका मागे वळले. "म्हणूनच मी करीत नाही ऑपरेशन. चार वर्षं झाली, माझी गाठ उतरते. ह्याचं बघितलं आणि ठरवलं, नको."

हा लेख त्या दोघांसाठी आहे. भावाला सांगायचे आहे की तुझे दुखणे खरे आहे, त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. काकांना सांगायचे आहे की त्या दुखण्याच्या भीतीने गाठ लपवून ठेवणे जास्त धोक्याचे आहे.

हर्निया आणि त्याचे ऑपरेशन

पोटाच्या पुढच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. जांघेत ही भिंत मुळातच जरा कमजोर असते. तिथून आतड्याचा किंवा आतल्या चरबीचा भाग बाहेर सरकतो आणि गाठ दिसते. आपल्याकडे याला अंतर्गळ म्हणतात, कोणी 'आंत उतरलं' म्हणते. उभे राहिले, खोकले, वजन उचलले की गाठ फुगते. आडवे झाले की आत जाते. पुरुषांमध्ये हे फार आढळते. जगभरात दर वर्षी जांघेतल्या हर्नियाची २ कोटींहून जास्त ऑपरेशने होतात. म्हणजे यात लाजण्यासारखे काही नाही.

गोळी, लेप, पट्टा यांनी ते भोक बुजत नाही. ऑपरेशनमध्ये बाहेर आलेला भाग आत ढकलतात आणि कमजोर जागेवर बहुधा प्लास्टिकच्या धाग्याची बारीक जाळी बसवतात. जाळीभोवती शरीराचे स्वतःचे पेशीजाल वाढते आणि भिंत पक्की होते. हे एक तर जांघेत चीर देऊन करतात, नाहीतर पोटाला छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीने.

किती दिवसांचे दुखणे साधे समजायचे?

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस दुखणारच. दोन-चार आठवडे ओढ लागते, खोकताना हात जखमेवर जातो. जखमेच्या खाली एखादा पट्टा बधिर वाटतो. हे बहुतेकांचे हळूहळू कमी होते. बधिरपणा काहींना कायम राहतो, पण एकट्या बधिरपणाने काही बिघडत नाही.

तीन महिने उलटले, तरी रोजच्या कामात आडवे येणारे दुखणे राहिले, तर ते साधे नाही. २०१८ साली अनेक देशांतल्या सर्जन मंडळींनी मिळून जांघेच्या हर्नियासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात हीच तीन महिन्यांची रेषा आखली आहे. त्या सूचनांप्रमाणे ऑपरेशन झालेल्या शंभरांतल्या साधारण १० ते १२ जणांना असे दुखणे राहते. कामधंदा, चालणे-फिरणे अडवणारे जबर दुखणे मात्र शंभरात अर्ध्यापासून सहा जणांपर्यंत असते.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावायला हवा. शंभरांतले बहुतेक लोक बरे होऊन कामाला लागतात. पण जे दहा-बारा राहतात ते नाटक करत नाहीत. त्यांचे दुखणे पुस्तकात लिहिलेले आहे.

दुखते कशामुळे?

जांघेच्या त्या जागेतून तीन बारीक नसा जातात. नस म्हणजे इथे रक्ताची शीर नव्हे. स्पर्श आणि वेदना मेंदूपर्यंत नेणारी तार. ऑपरेशनमध्ये त्यातली एखादी ताणली जाते, टाक्यात अडकते, कापली जाते किंवा नंतर जखमेच्या वणात आणि जाळीच्या कडेला सापडते. घरातल्या वायरचे वरचे आवरण खरवडले गेले की जसा झटका बसतो, तसेच काहीसे होते. म्हणून वरून जखम सुंदर सुकलेली असते आणि आत करंट चालू असतो. साध्या सोनोग्राफीत हे बऱ्याचदा दिसत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल' आला म्हणजे दुखत नाही, असे नव्हे.

नसेचे दुखणे ओळखायच्या खुणा अशा: आग होते, चटका बसतो, सुया टोचतात, करंट मारतो, मुंग्या येतात. कपडा लागला तरी सहन होत नाही. जखमेजवळ एका ठरावीक जागी बोट ठेवले की कळ मांडीकडे किंवा अंडकोषाकडे जाते. काहींना नवरा-बायकोच्या संबंधात, वीर्य बाहेर पडताना दुखते. हीसुद्धा या आजारातली नोंदलेली तक्रार आहे. डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

सगळेच दुखणे नसेचे नसते. जाळी आक्रसून गोळा होते किंवा टोचत राहते, तेव्हा एका जागी खोल, जड दुखते. हर्निया पुन्हा झालेला असू शकतो. खुबा, कंबर, लघवीची जागा यांचे दुखणेही जांघेत येते. म्हणून नुसत्या अंदाजावर न राहता तपासणी हवी.

ज्यांचे वय कमी, ज्यांना ऑपरेशनच्या आधीपासूनच फार दुखत होते, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत ज्यांना जबर वेदना झाल्या, ज्यांचे त्याच जागी दुसऱ्यांदा ऑपरेशन झाले, त्यांना आणि स्त्रियांना हे दुखणे राहण्याचा धोका जास्त असतो.

"सरकारी, स्वस्तातली जाळी टाकली म्हणून दुखतंय"

वस्तीत हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले. या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन डॉक्टरांचे काम माहीत असावे.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा इथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांच्यापुढे प्रश्न होता की कंपनीची जाळी गरिबाला परवडत नाही. त्यांनी मच्छरदाणीचे कापड तपासले, ते नीट निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले आणि २००३ साली इतर सर्जनांसोबत त्याचे निष्कर्ष छापले. पुढे आफ्रिकेतल्या युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, निम्म्यांना महागडी. २०१६ साली निष्कर्ष आला: वर्षभरात हर्निया पुन्हा होण्यात किंवा इतर त्रासात दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. हे कापड दवाखान्यात खास निर्जंतुक केलेले असते. घरच्या मच्छरदाणीचा याच्याशी संबंध नाही. पण मुद्दा कळला पाहिजे: स्वस्त म्हणजे वाईट, असे नसते.

पुण्याचे डॉ. मोहन देसारडा यांनी वेगळी वाट काढली. रुग्णाच्याच पोटाच्या भिंतीतली पट्टी वापरून, जाळीशिवाय दुरुस्ती करण्याची पद्धत त्यांनी २००१ साली मांडली. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर तिची जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली. निकाल २०१२ साली आला. तीन वर्षांनी मध्यम किंवा तीव्र दुखणे राहिले ते बिनजाळीच्या गटात १०० मागे ४.८ आणि जाळीच्या गटात २.९ जणांना. आकडे वेगळे दिसतात, पण शास्त्राच्या हिशेबात हा फरक ठरत नाही.

म्हणजे जाळी नसली तरी दुखणे राहू शकते, कारण नसा दोन्हीकडे त्याच असतात. त्यामुळे "जाळी काढून टाका" ही पहिली मागणी असू नये. कधी कधी ती काढावी लागते, पण ती शेवटची पायरी आहे.

डॉक्टरकडे जाताना

शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडेच आधी परत जा. तिथे ऐकून घेतले नाही तर दुसऱ्या सर्जनचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे. बिडकीनच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन शहरात घाटीच्या शस्त्रक्रिया विभागात जाता येते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घाटी वैद्यकीय महाविद्यालयाचे असल्याने तिथे थोडे शुल्क लागू शकते.

नुसते "दुखतं" म्हणू नका. घरून चार गोष्टी वहीत लिहून न्या.

एक, कुठे दुखते: बोटाने जागा दाखवा.
दोन, कसे दुखते: ठणका, सणक, आग, करंट, ओढ यातला नेमका शब्द वापरा.
तीन, कशाने वाढते: बसणे, वाकणे, जिना, वजन, खोकला.
चार, काय बंद पडले: किती दिवस कामावर गेला नाहीत, रात्री किती वेळा जाग येते.

सोबत डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद न्या. कोणती पद्धत, कोणती जाळी, नसा दिसल्या का, वाचवल्या की कापल्या, हे त्या नोंदीत लिहिलेले असू शकते. पुढच्या डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. कागद नसतील तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. म्हणून तीन वर्षे उलटायच्या आत मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

उपचार कोणते?

पहिली पायरी औषधांची. नसेच्या दुखण्यावर साधी अंगदुखीची गोळी फारशी चालत नाही. त्यासाठी अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रेगाबालिन अशी वेगळी औषधे असतात. ती थोड्या डोसने सुरू करतात, गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला झोप आणि गरगर येऊ शकते, म्हणून त्या दिवसांत गाडी, मशीन, उंचावरचे काम टाळा. ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायची आणि मनाने एकदम बंद करायची नाहीत.

दुसरी पायरी इंजेक्शनची. ज्या नसेवर संशय आहे तिच्याजवळ बधिर करणारे औषध देतात. हे काम बहुधा भूलतज्ज्ञ करतात. इंजेक्शननंतर काही तास दुखणे गायब झाले, तर चोर सापडला असे समजा. काहींना अशी इंजेक्शने पुन्हा पुन्हा देऊन बरेच दिवस आराम पडतो.

या सगळ्याने महिनोन्‌महिने गुण आला नाही, तरच पुन्हा ऑपरेशनचा विचार होतो. त्यात त्रास देणारी नस कापतात, गरज असेल तर जाळी काढतात. हे नाजूक काम आहे. या प्रकारच्या ऑपरेशनचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच करावे. त्यानंतर तो भाग बधिर राहतो आणि दुखणे पूर्ण जाईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

आता गोळ्यांबद्दल. तो भाऊ सहा महिने मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी रोज घेत होता, तीही उपाशीपोटी. या गोळीने पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांना इजा होते, बीपी वाढतो. उन्हातान्हात घाम गाळून कमी पाणी पिणाऱ्या मजुराच्या मूत्रपिंडांवर तर तिचा मारा दुहेरी. दुखते म्हणून दारू घेणाऱ्यांनाही आम्ही ओळखतो. तिने रात्र निघते, आजार जात नाही. आणि नसेच्या गोळ्यांवर दारू घेणे जिवाशी खेळ आहे. जखमेवर डाग देणे, जोरात चोळणे, गाठ दाबून बसवणे यांच्या नादी लागू नका.

घरच्यांनी आणि कामाच्या ठिकाणी

न दिसणाऱ्या दुखण्याचा अर्धा भार लोकांच्या बोलण्याचा असतो. दुःख आहे हे आधी मान्य करावे, मग त्याचे कारण शोधावे, मग उपाय. ही रीत आपल्याला नवी नाही. वहिनी, आई, भाऊ, कोणी तरी एक जण दवाखान्यात सोबत जा. दोघे गेले की डॉक्टरही जास्त ऐकतात, आणि सांगितलेले लक्षात राहते. झोप उडाली असेल, माणूस चिडका किंवा गप्प झाला असेल, जगून काय करू असे बोलत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. लांबलेल्या वेदनेने मन खचते. तो मनाचा दुबळेपणा नव्हे.

अंथरुणाला खिळून राहू नका. सपाट रस्त्यावर रोज थोडे चालणे, हळूहळू वाढवणे चांगले. डॉक्टरांकडून 'वजन उचलण्याचे काम देऊ नये' असा लेखी दाखला घ्या आणि मुकादमाला त्याची प्रत द्या. डीएमआयसी, चितेगाव, वाळूजच्या कंपन्यांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी बघावी. ईएसआयचे पैसे कापले जात असतील आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ईएसआयच्या डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या साधारण ७० टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो. तो उपकार नाही, तुमच्याच वर्गणीतला हक्क आहे.

आणि काकांसाठी

काका, गाठ अजून आत जाते आणि दुखत नाही, तर काही पुरुषांना डॉक्टर थांबायला सांगतातही. पण ते तपासून डॉक्टरांनी ठरवायचे, भिऊन आपण नाही. गाठ आत जाईनाशी झाली, कडक झाली, फार दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, हवा सरेना, तर आतडे अडकले आहे असे समजा. तासातासाला धोका वाढतो. आतडे सडू शकते. सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. स्त्रियांच्या जांघेतली गाठ लहान दिसली तरी अशी अडकण्याचा धोका जास्त असतो. त्यांनी लाजेपोटी एक दिवसही दवडू नये.

ऑपरेशन ठरले तर आधीच विचारा: चीर देऊन करणार की दुर्बिणीने? तुम्ही अशी ऑपरेशने नेहमी करता का? नसा ओळखून सांभाळता का? नंतर दुखले तर कोणाकडे यायचे? सरावलेल्या सर्जनने दुर्बिणीने केले तर दुखणे राहण्याचे प्रमाण कमी असते. मात्र त्याला बहुधा पूर्ण भूल लागते. विडी-तंबाखू सोडा, खोकला आणि बद्धकोष्ठ आधी बरे करून घ्या. ऑपरेशननंतर चालणे लवकर सुरू करा. जड वजन मात्र साधारण चार ते सहा आठवडे नको, किंवा तुमचे डॉक्टर सांगतील तितके दिवस. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र गाठा, किंवा १५५३८८ वर विचारा.

त्या भावासोबत आम्ही शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. डॉक्टरांनी एका बोटाने जखमेजवळ टकटक केली आणि तो टेबलावरच उडाला. इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळपर्यंत त्याला काहीच दुखले नाही; दीड वर्षात पहिल्यांदा. रात्री परत सुरू झाले, पण आता कारण माहीत होते. गोळ्या चालू आहेत, दुसरे इंजेक्शन झाले आहे. दुखणे गेलेले नाही, निम्म्यावर आले आहे. सेंट्रिंग सोडून तो सध्या स्टोअरवर हलके काम करतो. पैसे कमी मिळतात.

परवाच्या रविवारी तो विहारात बसला होता. भिंतीला टेकून, एक पाय लांब करून, पण खाली सतरंजीवर. शेजारी काका होते. त्यांच्या खिशात ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर होता.